पगारी माणसं आणि रविवारची माणसं

प्रश्न : आमची संस्था गावाजवळच्या डोंगरावर झाडं लावते आणि जगवते. सुरुवातीची बरीच वर्षं सगळं काम रविवारी येणाऱ्या कार्यकर्त्यांनीच केलं. मग एका कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्चायचा पैसा) मिळाला आणि आम्ही एक समन्वयक, एक हिशेबनीस व दोन मदतनीस पगारावर घेतले. तेव्हापासून कुरबुरी सुरू आहेत. कार्यकर्ते म्हणतात, ‘आता आमच्याकडूनही हजेरी घेतात, अवजारांच्या खोलीची किल्लीसुद्धा काढून घेतली.’ कर्मचारी म्हणतात, ‘रात्री अकराला फोन येतात आणि वर पगार घेता ना, असं ऐकवतात.’ जुलैमध्ये कंपनीच्या कार्यक्रमासाठी गिरिपुष्पाची रोपं आणली, तेव्हा दोन जुने कार्यकर्ते यायचेच थांबले. आता समन्वयक मुलीने राजीनामा दिला आहे. कार्यवाह म्हणून मी काय करू?
– एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात माझी नजर त्या किल्लीवर थांबली. पहाटे डोंगर चढून जायचं आणि टिकाव-फावडं मिळावं म्हणून मदतनिसाची वाट बघत बसायचं, हे इतकी वर्षं राबलेल्या माणसाला झोंबणारच. एक किल्ली कार्यकर्त्यांना परत द्या, येत्या रविवारीच. आत खिळ्याला एक वही टांगा. काय नेलं, काय परत आलं, कुठलं घमेलं फुटलं, एवढं तिच्यात लिहिलं तरी हिशेबनिसाचं काम भागतं.

हजेरी कशासाठी घेतात, हे कार्यकर्त्यांना कुणी बसून सांगितलंय का? कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि तिचा विनियोग संचालक मंडळापुढे मांडावा लागतो. म्हणून बिलं, फोटो, हजेरीपत्रक मागितलं जातं. ते त्या मुलीच्या डोक्यातून निघालेलं नाही. हिशेबनिसाला एका रविवारी फाइल घेऊन डोंगरावर बोलवा. कोणता कागद कुठे जातो, हे त्याने सगळ्यांना दाखवू दे.

गिरिपुष्पाचं दुखणं मात्र खोल आहे. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड भराभर वाढतं, डोंगर लवकर हिरवा दिसतो. पण तुमचे जुने कार्यकर्ते पळस, काटेसावर, बहावा, धावडा अशी इथली देशी झाडं लावत आले असणार. कुठल्या उतारावर काय तगतं हे त्यांनी उन्हाळ्यात पाणी वाहून शिकलेलं असतं. त्यांना न विचारता कार्यक्रमाची तारीख ठरली, रोपवाटिकेला ऑर्डर गेली आणि टेम्पो आल्यावर त्यांना कळलं. अशा वेळी माणूस भांडतसुद्धा नाही, यायचा थांबतो.

म्हणून दरवर्षी फेब्रुवारीतच एक बैठक घ्या. देशी रोपं आयत्या वेळी हवी तेवढी मिळत नाहीत, त्यामुळे तसंही ते लवकर ठरवावं लागतं. कोणती झाडं, किती खड्डे, पाण्याच्या पाळ्या, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) कुठून काढायची, हे दोन कार्यकर्ते आणि समन्वयक मिळून ठरवतील आणि झाडांच्या निवडीत कार्यकर्त्यांचा शब्द अखेरचा असेल, असा ठराव कार्यकारिणीत करून घ्या. ठरावाची प्रत घेऊन, यायचे थांबलेल्या त्या दोघांच्या घरी तुम्ही स्वतः जा.

कंपनीशीही बोलायला हवं. 1950मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशींनी झाडं लावण्याचा वनमहोत्सव सुरू केला. जुलैचा पहिला आठवडा त्याचा, आणि आजही बहुतेक अहवालांत जुलैत लावलेली रोपंच मोजली जातात. तुम्ही मेअखेर जगलेली रोपं मोजून द्या. सीएसआरच्या नियमांत सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प बसतो. तसा प्रस्ताव मांडा आणि त्यात टँकर, आळी करणं, गवतकापणी, जाळरेषा यांचा खर्च दाखवा. रोपाला निदान तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, हे कार्यकर्ते घसा फोडून सांगत असतात. तेच मग तुमच्या समन्वयकाच्या अहवालात येईल.

आता ‘पगार घेता ना’. हे मला फार लागलं. संस्थेत पगार घेणारी मुलं बहुधा बाहेर मिळेल त्याहून कमी पैशांत राबतात. त्यांना असं ऐकवणं कुणाचंही असो, किती जुन्याचंही असो, तिथल्या तिथे थांबवायला हवं आणि ते अध्यक्षांनी करायला हवं. रात्री आठनंतर कर्मचाऱ्यांना फोन करायचा नाही, हेही त्यांनीच जाहीर करावं. वणवा लागला तर गोष्ट वेगळी. त्यासाठी एक नंबर ठेवा आणि तो कार्यकर्त्यांनी पाळीपाळीने सांभाळावा. रविवारी कामावर येणाऱ्या कर्मचाऱ्याला आठवड्यात दुसरी सुट्टी मिळते का, तेही बघा. मला शंका आहे की मिळत नसावी.

त्या मुलीचा राजीनामा मंजूर करायची घाई करू नका. अध्यक्षांना बरोबर घेऊन तिला भेटा. राहा म्हणून गळ घालण्याआधी तिला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते तिला पुरतं बोलू द्या. मग वरचे नियम तिला दाखवा आणि त्यात काय बदलावं, ते तिलाच विचारा. तरीही जायचं म्हणाली, तर चांगलं अनुभवपत्र द्या आणि नवा माणूस येण्याआधी हे नियम लागू करा.