सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीचा पंप ओढत नाही, व्हॅक्यूम गेज ७६० मिमीला जात नाही. पंप बदलावा का?

७६० चा नाद आधी सोडा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. इथं हवेचाच दाब पाऱ्याच्या ७१० मिमीच्या आसपास, त्यापुढं काटा कुठून जाणार?

पंप खोलायची घाई नको. गाडीच्या टाकीकडची लाइन पंपाजवळ बंद करा, गेज पंपाच्या बाजूला लावून बघा. काटा झपकन चढला तर पंप ठणठणीत आहे. मग गाडीच्या टाकीत अगदी थोडा दाब भरून मॅनहोलच्या गॅस्केटवर, होजच्या कपलिंगवर साबणाचं पाणी टाका; बुडबुडे येतील तिथं गळती. बहुतेक वेळा गॅस्केटच निघतं. टाकीतला फ्लोट बॉल, म्हणजे टाकी भरली की पंपाकडची वाट बंद करणारा तरंगता गोळा, तोही अडकतो, पण तो सोडवायला कृपा करून कुणाला आत उतरवू नका. तिथला वायू माणसाला हाक मारायचीही सवड देत नाही.

लाइन बंद करूनही काटा रेंगाळला तर व्हेन, म्हणजे पंपाच्या रोटरमधल्या सरकत्या पट्ट्या, झिजल्यात किंवा खाचेत चिकटल्यात. सायलेन्सरमधून निघणारं ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पंप थंड असताना डिझेलनं फ्लश करा, लगेच नवं ऑइल द्या. एवढ्यानं सुटलं नाही तर व्हेनचा सेट बदला. केसिंगला, म्हणजे पंपाच्या कवचाला, आतून बोटाला लाटा जाणवल्या तर मात्र आधी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ते बोअर करून (आतून कापून गुळगुळीत करून) घ्या, नाहीतर नव्या व्हेनही लवकर जातील.