ट्रेलो, जिरा की एमएस प्रोजेक्ट: लहान इंटिरिअर फर्मने काय घ्यावं?

८ जणांची फर्म, एका वेळी ५-६ साइट आणि सगळा कारभार व्हॉट्सॲपवर, असं तुम्ही लिहिलंय, आणि कामांवर लक्ष ठेवायला ट्रेलो, जिरा, एमएस प्रोजेक्ट यांतलं कुठलं ॲप घ्यावं हे विचारलंय. साइट कोऑर्डिनेशन हे माझं रोजचं काम, म्हणून स्पष्टच सांगतो: जिरा यादीतून काढा. ते २००२ साली सॉफ्टवेअरमधले बग नोंदवायला निघालं. आज त्यात बरंच काही करता येतं, पण स्प्रिंट (कामाचे ठरावीक छोटे टप्पे) आणि स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचे गुण) तुमच्या सुपरवायझरला कशाला हवेत?

ॲपची तुलना नंतर, आधी आपलं काम बघा. ड्रॉइंग, थ्रीडी, कोटेशन, क्लायंटची मंजुरी ही कामं एकेक करून पुढे सरकतात. एका फ्लॅटचं अडलं म्हणून दुसऱ्याचं थांबत नाही. त्यांना ट्रेलोचा बोर्ड, म्हणजे एका रकान्यातून पुढच्या रकान्यात सरकवायची कामांची कार्डं, भरपूर झाला. साइटचं तसं नसतं. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ठेवायचं, गळत नाही हे बघायचं, मगच टाइल्स. फॉल्स सीलिंगचे बोर्ड चढण्याआधी एसीचे कॉपर पाइप, ड्रेन आणि वायरिंग वर गेलेलं हवं. एसीवाला ४ दिवस उशिरा आला की सीलिंगवाला, त्याच्यामागून पेंटर आणि लाइट फिटिंग, सगळेच लांबतात. ट्रेलोच्या कार्डावर तारीख टाकता येते, पण एक हलली म्हणून पुढच्या तारखा एरवी आपोआप हलत नाहीत. गँट चार्टमध्ये, म्हणजे तारखांवर आडव्या पट्ट्यांनी मांडलेल्या वेळापत्रकात, कामं एकमेकांना जोडता येतात, त्यामुळे पेंटरला आजच फोन करायला हवा हे वेळेत दिसतं.

एमएस प्रोजेक्ट यात तरबेज आहे, पण ते सांभाळायला एक प्लॅनर बसवावा लागतो. मी तुमच्या जागी असतो तर झोहो प्रोजेक्ट्स घेतलं असतं: गँट आहे, मोबाइल ॲप आहे.

व्हॉट्सॲप मात्र बंद होणार नाही, तो प्रयत्नही करू नका. क्लायंटने रात्री लॅमिनेटचा शेड बदलला, तर ज्याने मेसेज वाचला त्यानेच स्क्रीनशॉट त्या टास्कमध्ये टाकायचा, आणि ऑर्डर देणाऱ्याने कोड टास्कमधूनच वाचायचा. कुठलंही ॲप घ्या, हे पाळलं नाही तर चुकीचा माल येतच राहील.

सुरुवात एकाच, अजून सुरू न झालेल्या साइटपासून करा. 'इलेक्ट्रिकल' असं मोघम टास्क नको. 'हॉलच्या सीलिंगमधलं वायरिंग पूर्ण, फोटो टाकला' असं लिहा आणि पुढे एकाच माणसाचं नाव ठेवा. दोन नावं असली की दोघंही एकमेकांची वाट बघतात.

पैसे भरण्याआधी थोडा डेटा एक्स्पोर्ट करून एक्सेलमध्ये उघडतो का ते तपासा. ट्रेलोच्या फुकट खात्यातून बोर्ड जेसन फाइलमध्येच (ही एक्सेलमध्ये सरळ तक्त्यासारखी उघडत नाही) बाहेर पडतो, सीएसव्हीसाठी (एक्सेलमध्ये सरळ उघडणारी फाइल) पैसे भरून वरचा प्लॅन घ्यावा लागतो.