प्रार्थनेत झोप लागते, घरात राग येतो: मी ढोंगी आहे का?

"मॅडम, दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायला मला शब्द सापडतात. स्वतःसाठी बसले की झोप लागायली. उठले की आत्याबाईंवर ओरडायले. मंडळीत सगळे म्हणतात, सिस्टरचा विश्वास बघा. मला आतून कोरडं वाटतंय. देव माझ्यापासून लांब गेलाय का मीच ढोंगी आहे?"

मराठवाड्यातल्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, माझ्याकडे मन मोकळं करायला येणाऱ्या माणसांचा हा नेहमीचा प्रश्न आहे. कुणी शिक्षक असतो, कुणी पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) पत्नी, कुणी संडे स्कूल घेणारी तरुण मुलगी. शब्द बदलतात, पण देव जवळ वाटत नाही आणि घरातल्या एका माणसावर प्रेम करणं जमत नाही, ही दोन दुखणी बहुतेक वेळा जोडीनेच येतात. म्हणून या एका बाईची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावही देत नाही. गावात तिला सगळे सिस्टरच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

सिस्टर जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नवरा एसटीत कंडक्टर, दोन मुली शिकतात. जालन्याकडे ख्रिस्ती विश्वास जुना आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासूनची घराणी या भागात आहेत. सिस्टरचं माहेर अशांपैकीच. पहाटेची प्रार्थना आणि रात्रीची कौटुंबिक उपासना तिच्या आजोबांच्या घरात कधी चुकली नाही, हे ती अभिमानाने सांगते. त्याच अभिमानाचं तिला ओझंही झालं होतं, कारण तिच्या मनातली 'खरी प्रार्थना' म्हणजे पहाटे चारला उठून गुडघ्यावर घालवलेला तास.

सासूबाईंना, म्हणजे तिच्या आत्याबाईंना, पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून सिस्टरचा दिवस असा: पहाटे उठून त्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, दुधात भाकरी चुरून चमच्याने भरवायची, मग ड्युटी. परत आल्यावर तेच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. हे तिला नर्स म्हणून ठाऊक, त्यामुळे रात्रीही ती मोबाइलला गजर लावून उठायची. त्यात महिला मंडळाची घरसभा, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, तिच्याकडेच.

मी एखादं वचन देईन, अशा अपेक्षेने ती आली होती. मी आधी झोपेचं विचारलं. सलग किती तास झोपता? जेवता कधी? पाळीचं काय? शेवटचं रक्त कधी तपासलं? "मी रोज दुसऱ्यांचं रक्त काढते," ती म्हणाली, "माझं कोण काढणार?" मग सलग दोन आठवडे मन उदास राहतंय का, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्यात का, जगून काय करायचं असे विचार येतात का, हेही मी सरळ विचारलं. हा शेवटचा प्रश्न विचारायला पुष्कळ लोक कचरतात. विचारल्याने तसा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. सिस्टर म्हणाली, तसलं काही नाही, फक्त थकले आहे. तपासणीत हिमोग्लोबिन ८ निघालं. बायकांमध्ये ते १२ च्या वर लागतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

प्रार्थनेत येणाऱ्या झोपेला तिने पाप मानलं होतं. मी तिला एलीयाची गोष्ट परत वाचायला लावली, बायबलमधल्या पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रानातल्या एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, देवा, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही. तुझा विश्वास कुठे गेला, असंही विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो आणि म्हणतो की तुला हा प्रवास झेपण्यासारखा नाही. देवाची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर. "म्हणजे आधी भाकर अन् झोप," सिस्टर म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

पहाटे चारचा तास आम्ही सध्या बाजूला ठेवला. त्याऐवजी बायबलमधलं एक स्तोत्र, तेही सगळं नाही, चार-पाच ओळी, ड्युटीवर चहाच्या वेळेला. स्तुतीची स्तोत्रं तिला पाठ होती, तक्रारीची तिने कधी वाचलीच नव्हती. आपल्या घरसभांमध्ये ती फारशी कुणी निवडतही नाही. खरं तर दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच 'किती काळ' अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणूनच जपलं गेलं. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ साली, प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कोलकात्यात मरणाऱ्यांची सेवा करणारी ही बाई कित्येक वर्षं देवाची जवळीक न जाणवता जगली. देव जाणवत नाही म्हणजे देव नाही असं होत नाही, आणि आपण खोटे आहोत असंही होत नाही. माझं मत आहे की कोरडेपणाची लाज वाटून जी माणसं भक्तीचं सोंग वाढवतात, ती देवापासून लांब जातात. ज्यांनी 'प्रभू, मला काहीच वाटत नाही' एवढं त्याच्या तोंडावर सांगितलं, ती त्याच्याशी बोललेली असतात.

पण सिस्टरचा राग थकव्याने आलेला नव्हता, निदान सगळा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो बाहेर आला. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी, भरल्या घरसभेत सासूबाई म्हणाल्या होत्या, "रात्रीच्या ड्युटीची कमाई आमच्या घरात नको." बाकी काही नाही, एवढंच वाक्य. बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या, नवरा गप्प बसला. ते वाक्य सिस्टर वीस वर्षं उराशी धरून होती. आता त्याच बाईची कूस ती रात्री उठून बदलते, आणि सासूबाईंना वाचा नसल्याने 'चुकलं माझं' हे शब्द कधीच येणार नाहीत.

अशा वेळी मंडळीतून पटकन सल्ला मिळतो, क्षमा कर आणि विसर. त्यातले बहुतेक सल्ले देणारे रोग्याची कूस बदलायला कधी आलेले नसतात, हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. 'या कनिष्ठातील एकाला केलं ते मला केलं' हे प्रभू येशूचं वचन सेवा करणाऱ्याला बळ द्यायला आहे. थकलेल्या सुनेला गप्प करायला ते वापरू नये. जखम खोटी ठरवून क्षमा होत नाही. मी तिला पंचावन्नावं स्तोत्र दिलं, ज्यात कवी म्हणतो की शत्रूने हे केलं असतं तर सोसलं असतं, पण हे केलं माझ्या जवळच्या माणसाने. त्याच्याखाली, वहीत, तिने ते वाक्य, तो दिवस, कोण कुठे बसलं होतं, सगळं लिहिलं आणि देवापुढे मोठ्याने वाचलं. नंतर नवऱ्याला दाखवलं. तो माझ्याकडे आला तेव्हा बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि म्हणाला, "मी तवाच बोलायला पाहिजे होतं." हे ऐकायला सिस्टर वीस वर्षं थांबली होती. सासूबाईंचे शब्द मिळणार नव्हते, पण त्या वेळी गप्प बसलेल्या माणसाचे मिळाले.

मग कामाची वाटणी. इथे एक खरी अडचण होती. आपल्याकडे मुलाने आईचे कपडे बदलणं दोघांनाही अवघड जातं, आईला जास्तच. त्यावर उपदेश करण्यात अर्थ नव्हता. त्यामुळे भरवणं, हातापायांचा व्यायाम, उचलून खुर्चीत बसवणं आणि रात्रीचे दोन गजर त्याच्याकडे गेले. स्वच्छतेचं काम सिस्टरकडे राहिलं, सकाळी एक बाई पगार देऊन ठेवली.

दुपारचा प्रश्न उरला. शेजारच्या भाभी आधीपासून म्हणत होत्या, "सिस्टर, दोपहर मैं बैठती ना अम्मा के पास." सिस्टर नाही म्हणायची. मंडळी असताना दुसऱ्या समाजाच्या बाईला त्रास कशाला, लोक काय म्हणतील! मी विचारलं, मंडळीतून कोण येतं? येत होते, दहा-बारा जण मिळून, प्रार्थना करून, चहा घेऊन जायचे.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे लुटून वाटेवर टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्या समाजाच्या माणसाची येशूने सांगितलेली गोष्ट, तिला तोंडपाठ होती, पण त्यात ती नेहमी स्वतःला शोमरोनी समजायची, मदत करणारी. मी म्हटलं, या घडीला तुम्ही वाटेवर पडलेला माणूस आहात. आणि मदतीला आलेला बाहेरचा होता, आपल्या समाजाचे दोघे बाजूने निघून गेले होते. शिवाय तो शोमरोनी तरी काय करतो? जखमांना तेल-द्राक्षारस लावतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देऊन म्हणतो, आता तू याला बघ, जास्त लागलं तर परत येताना देईन. मग आपल्या कामाला जातो. सगळं एकट्याने करावं असं प्रभूने त्या गोष्टीत कुठे सांगितलंय? पेत्र या शिष्यालाही प्रभूकडून पाय धुवून घ्यायला जड गेलं होतं. प्रेम देणाऱ्यांना प्रेम घेता येतंच असं नाही.

भाभी दुपारी यायला लागल्या. महिला मंडळात सिस्टरने विनंती बदलली. 'सासूबाईंसाठी प्रार्थना करा' असं न म्हणता तिने विचारलं, "बुधवारी दुपारी दोन तास कोण येईल?" थोडी शांतता पसरली, मग दोन हात वर झाले.

त्यातली एक म्हातारी बाई बुधवारी आली की ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणत भाजी निवडायची. एका बुधवारी तिच्या पाठोपाठ आवाज आला. सासूबाई गात होत्या. एक शब्दही बोलता न येणाऱ्या बाईच्या तोंडून भजनाची ओळ, अडखळत पण कळेल अशी. पक्षाघातात हे पुष्कळदा दिसतं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, आणि ती बाजू दुखावली की उजवं अंग आणि वाचा जाऊ शकते. लहानपणापासून पाठ असलेलं गाणं मात्र उजव्या बाजूच्या आधाराने टिकून राहू शकतं.

सिस्टरची पहिली प्रतिक्रिया मला फार प्रामाणिक वाटली. "मला राग आला मॅडम. गाता येतंय, अन् माझ्याशी दोन शब्द नाहीत." तिने तोही राग वहीत लिहिला. काही दिवसांनी मात्र रात्रीच्या उपासनेत वाचनाऐवजी ती सासूबाईंच्या खाटेशी बसून एक भजन म्हणायला लागली, कूस बदलता बदलता. स्वतःसाठी प्रार्थना करायला तिला शब्द मिळत नव्हते. टिळकांचे शब्द तयार होते, आणि सोबतीला आवाज होता, तोही त्या बाईचा. "देव जवळ वाटला का?" मी विचारलं. "कधी वाटतो, कधी नाही. पण आता बसायची भीती वाटत नाही." एवढं मला पुरेसं वाटलं. क्षमा पूर्ण झाली का, हे मी विचारलं नाही. ती तिच्या गतीने होईल.

तुमची अवस्था सिस्टरसारखी असेल तर पाळकांशी बोला, पण रक्त आणि थायरॉइडही तपासून घ्या. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जगणं नको वाटलं, तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाण्याने विश्वास कमी होत नाही.

सिस्टरचं एक काम अजून बाकी आहे. पुण्यातली जाऊ नाताळला चार दिवस येते, फोटो काढते आणि जाते. तिच्याशी बोलायचं म्हटल्यावर सिस्टरने पुन्हा तोच प्रश्न काढला, "असं मागणं ख्रिस्ती प्रीतीत बसतं का?" आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढला. बंधूने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग, असं प्रभू म्हणतो. गप्प राहून कुढ, असं नाही. मग काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिल्या मसुद्यात तीन टोमणे होते, तिनेच खोडले. उरलं ते असं: "जाऊबाई, आईंना सांभाळताना मी थकले आहे. उन्हाळ्यात दोन महिने तुम्ही त्यांना तिकडं न्या, नाहीतर बाईच्या पगारातला अर्धा वाटा द्या. तुम्हाला काय जमेल ते दोघी मिळून ठरवू." जाऊ नाही म्हणाली तर पुढे काय, हे आम्ही नाताळनंतरच्या भेटीत बघणार आहोत.