वाचकांचे प्रश्न : बाकावर बसलेला गणवेशधारी

प्रश्न : गेल्या वर्षी मुलाकडे न्यू जर्सीला तीन महिने राहून आलो. तो रोज संध्याकाळी दूरदर्शनवर बेसबॉल पाहत असे. मैदानाच्या कडेला, संघाचाच गणवेश चढवून, पासष्ट-सत्तरीचे एक गृहस्थ गंभीर चेहऱ्याने बसलेले असत. ते संघाचे मॅनेजर, असे मुलाने सांगितले. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबात मीही बरीच वर्षे मॅनेजर होतो, परंतु माझे काम खेळाडूंची नोंदणी करणे, बुटांची पेटी सांभाळणे आणि बस वेळेवर आणणे एवढेच होते. बेसबॉलमधले हे पद नेमके काय आहे, आणि चांगला खेळाडू त्या पदावरही चांगला ठरतो का? एखाद्याच्या कारकिर्दीवरून समजावून सांगावे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण ज्यांना प्रशिक्षक म्हणतो, त्यांनाच बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणतात. आर्मांदो कुलासो यांनी गोव्याच्या धेंपो फुटबॉल संघाच्या बाकावरून जे काम केले आणि राष्ट्रीय पातळीवरील लीगची पाच विजेतेपदे मिळवून दिली, त्याच जातीचे हे काम आहे. खेळाडूंची देवघेव ठरवणारा जनरल मॅनेजर निराळा, आणि बुटांची पेटी सांभाळणारा त्याहून निराळा; त्याच्यावाचून मात्र कोणाचेच चालत नाही, हे आपल्याला सांगायला नको. फरक आहे तो वेळापत्रकाचा. फुटबॉल प्रशिक्षकाला दोन सामन्यांमध्ये बहुधा काही दिवस मिळतात. अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये साधारण सहा महिन्यांत १६२ सामने होतात, म्हणजे मॅनेजरला जवळजवळ रोज फलंदाजीचा क्रम लावावा लागतो, थकलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, कधी उतरवायचा हे ठरवावे लागते, आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नसल्यामुळे चूक सुधारायची सोयही नसते.

उदाहरणासाठी मी जो टॉरी यांची कारकीर्द घेतो. त्यांचा जन्म १९४० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. मोठे बंधू फ्रँक आधीच मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाकडून खेळत होते. त्यांच्याच सल्ल्यावरून हा अंगाने जाड मुलगा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) झाला आणि १९६० साली त्याच संघात दाखल झाला. पुढे १९६९ मध्ये त्यांना सेंट लुईस कार्डिनल्स संघाकडे देण्यात आले. १९७१ साली त्यांची फलंदाजीची सरासरी ०.३६३ होती. ज्या खेळात दर हजार प्रयत्नांत तीनशे वेळा यश मिळवणारा फलंदाज उत्तम समजला जातो, तिथे हा आकडा किती मोठा आहे हे लक्षात यावे. त्या वर्षी मुख्य लीगच्या दोन गटांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू हा मान त्यांना मिळाला.

मॅनेजर टॉरी समजून घ्यायचे असतील, तर मला १९७१ पेक्षा १९७५ मधला एक दिवस अधिक महत्त्वाचा वाटतो. तेव्हा ते न्यूयॉर्क मेट्स संघात होते आणि उतरणीला लागले होते. त्या सामन्यात फेलिक्स मिलान चार वेळा पहिल्या तळावर पोहोचले आणि चारही वेळा पाठोपाठ आलेल्या टॉरींनी चेंडू जमिनीवरून मारून एका फटक्यात मिलान आणि स्वतः अशा दोघांना बाद करवले. मिलान तळावर पोहोचलेच नसते तर हे घडले नसते, अशी थट्टा त्यांनी नंतर स्वतःच केली. एका हंगामात लीगचा सर्वोत्तम, आणि चार वर्षांनी एकाच सामन्यात चार वेळा फजिती, हे दोन्ही ज्याने सोसले आहे, त्याला अपयशी फलंदाजावर ओरडावेसे वाटत नसावे.

१९७७ साली मेट्सने त्यांनाच मॅनेजर नेमले. अठरा दिवस ते खेळाडू आणि मॅनेजर असे दोन्ही होते. मग त्यांनी बॅट खाली ठेवली. पाच हंगामांत एकदाही संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत आणि त्यांना काढण्यात आले. १९८२ साली, आता अटलांटाला गेलेल्या ब्रेव्ह्ज संघाने त्यांच्या हाताखाली पहिले १३ सामने सलग जिंकून विभागाचे विजेतेपदही मिळवले, पण १९८४ नंतर तिथूनही निरोप मिळाला. मग काही वर्षे त्यांनी सामन्यांचे समालोचन केले. पुन्हा कार्डिनल्सकडे मॅनेजर म्हणून गेले आणि १९९५ मध्ये तिसऱ्यांदा पद गमावले. तोवर खेळाडू आणि मॅनेजर मिळून चार हजारांहून अधिक सामने झाले होते, आणि वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका त्यांच्या वाट्याला एकदाही आली नव्हती.

अशा माणसाला १९९६ साठी न्यूयॉर्क यँकीज संघाने निवडले, तेव्हा शहरातल्या एका वृत्तपत्राने मोठ्या मथळ्यात त्यांची खिल्ली उडवली. १९९६ च्याच ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजनी ब्रेव्ह्जविरुद्ध घरच्या मैदानावरचे पहिले दोन सामने गमावून पुढचे चार जिंकले. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी बंधू फ्रँक यांच्यावर हृदयरोपण झाले होते. त्यानंतर १९९८, १९९९ आणि २००० अशी आणखी तीन विजेतेपदे आली. यँकीजपाशी पैसा होता, डेरेक जीटर आणि मारियानो रिव्हेरा यांच्यासारखे नामांकित खेळाडू होते, हे खरेच. परंतु टॉरी येण्याआधी तोच संघ १९७८ नंतर विजेता झाला नव्हता. पुढे २००८ ते २०१० ते लॉस एंजलिस डॉजर्सकडे होते. फलंदाज म्हणून २,३४२ हिट्स (तळ गाठून देणारे यशस्वी फटके) आणि मॅनेजर म्हणून २,३२६ विजय, हे दोन्ही आकडे २,००० च्या वर नेणारे ते एकटेच आहेत.

प्रश्न : मॅनेजर झालेले इतके जण मुळात कॅचर का असतात? कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षकच ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जागा तीच, जबाबदारी मोठी. इतर आठ क्षेत्ररक्षकांची तोंडे फलंदाजाकडे असतात. कॅचर मात्र त्यांच्यासमोर बसतो आणि सारे मैदान त्याच्या नजरेसमोर राहते. पुढचा चेंडू कसा टाकावा याची खूण पिचरला बहुधा तोच करतो आणि पिचर थकला की सर्वांत आधी त्यालाच कळते. गोलरक्षक मागून बचावफळीला हाका मारतो, ते आपण मैदानावर पाहिले असेलच.

प्रश्न : पण म्हाताऱ्या माणसाने गणवेश घालायचा कशाला?
— वरील वाचकाचाच दुसरा प्रश्न

उत्तर : जुन्या काळी अनेक संघांचा मॅनेजर हा खेळाडूच असे, आणि पिचर बदलायला मॅनेजर आजही चालत मैदानात जातो. याला ठळक अपवाद कॉनी मॅक यांचा. तेही मुळात कॅचर. १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षे ते फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सच्या बाकावर सूट आणि टाय घालून बसले आणि हातातल्या सामन्याच्या नोंदपत्रकाने क्षेत्ररक्षकांना खुणा करीत राहिले. त्यांच्या नावावर ३,७३१ विजय आहेत आणि ३,९४८ पराभव. टॉरींना तीन संघांनी काढले. मॅक यांना कोणी काढू शकत नव्हते, कारण क्लबाच्या मालकीतही त्यांचा हिस्सा होता.