भारतात बंदुकीला परवाना मुळात कशासाठी आला? गुन्हे रोखायला की लोकांना निःशस्त्र करायला?

निःशस्त्र करायलाच. गुन्हेगारीचा विचार नंतर आला, आणि आजच्या कायद्यात दोन्ही हेतूंचे थर एकावर एक बसलेले दिसतात. ते वेगळे ओळखायचे असतील तर कायद्याची प्रस्तावना बाजूला ठेवून दोन गोष्टी तपासाव्यात: 'शस्त्र' कशाला म्हटलंय आणि सूट कोणाला दिली आहे.

१८५७ च्या उठावात हादरलेल्या सरकारनं त्याच वर्षी आणि पुन्हा १८६० मध्ये शस्त्रांवर निर्बंध आणले. पण देशभराची पक्की चौकट बसवली ती व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या कायद्यानं. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना लगाम घालणारा कायदाही त्याच वर्षीचा, हे लक्षात ठेवावं. या शस्त्र कायद्याची व्याख्या वाचा: बंदुका आणि तोफा आहेतच, शिवाय तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, अगदी धनुष्यबाणसुद्धा. चोर-दरोडेखोर धरायला इतकं लांबरुंद जाळं लागत नाही.

सुटीची यादी तर उघडच बोलते. कलम २७ नं सरकारला व्यक्तींना किंवा एखाद्या वर्गाला कायद्यातून वगळता येत असे. त्याखाली युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोक वंशाच्या आधारावर सुटले. भारतीयांपैकी सूट मिळाली ती संस्थानिक, मानकरी अशा विश्वासातल्यांना. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा समाजाला तर १८६१ मध्येच, १८५७ ला इंग्रजांशी एकनिष्ठ राहिल्याबद्दल, मोकळीक दिली गेली होती. निष्ठा हीच कसोटी होती. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला मात्र परवान्यासाठी साहेबाच्या दारात उभं राहावं लागे. म्हणूनच १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्यात बदल मागत होती.

ज्यांच्या भीतीनं हे सगळं केलं, त्या बंडखोरांना तरी हा कायदा अडवू शकला का? नाही. १९०९ साली नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी झाडलेलं पिस्तूल लंडनहून चोरून आलेलं होतं.

(ब्रिटननं १९२० मध्ये स्वतःच्या घरी रायफल-पिस्तुलांना परवाना सक्तीचा केला, तेव्हाही लोकांपुढे गुन्हेगारीचं कारण होतं आणि मंत्रिमंडळात रशियासारख्या क्रांतीची धास्ती.)

भारतात १९२० च्या नियमांनी वंशभेद कागदावरून काढला. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसनं नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क मानला. मग तो घटनेत का नाही? ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला: असा सरसकट हक्क दिला तर चोर-खिसेकापूंनाही तो मिळेल. मला हा युक्तिवाद पटतो. इथं पहिल्यांदा कायद्याचा हेतू राज्यकर्त्याच्या भीतीकडून नागरिकाच्या सुरक्षिततेकडे सरकला. अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे तोही 'शांततेने आणि विनाशस्त्र'.

१९५९ चा कायदा (अंमल १९६२ पासून) हा बदल नीट दाखवतो. बंदुकीला परवाना सगळीकडे लागतो, पण तलवार-भाल्यासारख्या शस्त्रांना कलम ४ प्रमाणे फक्त सरकारनं अधिसूचित केलेल्या भागातच. घरकाम आणि शेतीची हत्यारं वेगळी ठेवली आहेत. कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्यावर गुन्हा नोंदवताना म्हणूनच ते निव्वळ शेतीचं किंवा घरकामाचं हत्यार आहे का, हा प्रश्न उभा राहतो. कलम १४ म्हणतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, आणि नाकारल्यास कारण लेखी नोंदवावं लागतं. अर्ज फेटाळला गेला तर ते कारण मागून घ्या, कारण कलम १८ खालचं अपील त्यावरच उभं राहतं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

जुना थर मात्र पूर्ण गेलेला नाही. १८७८ च्या कलम २७ ची जागा आता १९५९ च्या कायद्यातल्या कलम ४१ नं घेतली आहे, फक्त त्यात 'लोकहित' ही अट आहे. त्याच कलमाखाली कोडवांची १८६१ पासूनची सूट २०२९ पर्यंत वाढवलेली आहे.