भिडस्त प्रकृती की बुजरा स्वभाव?

फोंड्याच्या एका परिचारिकेने आरोग्यविषयक लेखाचे मराठी भाषांतर करताना 'भिडस्त प्रकृतीच्या मुलांच्या नातेवाइकांत परागज्वर अधिक आढळला' असे वाक्य लिहिले. 'प्रकृती म्हणजे तब्येत, येथे स्वभाव हवा' असा आक्षेप तिच्या सहकाऱ्याने घेतला, तेव्हा योग्य काय, असे तिने विचारले आहे.

गोव्यात हा आक्षेप सहज सुचावा असाच आहे. कोकणीत तब्येतीला 'भलायकी' हा वेगळा शब्द आहे. मराठीत मात्र 'प्रकृती कशी आहे?' आणि 'तो शांत प्रकृतीचा आहे' ही दोन्ही वाक्ये एकाच शब्दावर उभी आहेत. आयुर्वेदातील वात, पित्त, कफ या प्रकृतींतही शरीराची ठेवण आणि मनाचा कल यांचा विचार एकत्रच होतो. प्रस्तुत लेखाचा विषयच या दोहोंचे नाते हा असल्याने 'प्रकृती' अवश्य ठेवावी.

माझी हरकत आहे ती 'भिडस्त'वर. भीड घातल्यावर ज्याच्या तोंडून नकार निघत नाही तो भिडस्त. हा गुण माणसांच्या सहवासातच प्रकट होतो. 'बुजणे' हे क्रियापद मात्र मूळचे जनावरांचे: अनोळखी वस्तू दिसताच बैल बुजतो, घोडा बुजतो. चवथीला पाहुणे आले की घरातली एखादी लहान मुलगी आजीच्या पदराची मूठ घट्ट धरून दाराआड उभी राहते आणि तासाभराने, चेहरे ओळखीचे झाल्यावर, त्याच पाहुण्यांच्या मुलांबरोबर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, खेळू लागते. ती बुजरी आहे. एकलकोंडी नव्हे आणि भिडस्तही नव्हे.

परिचारिकेच्या वाक्यातली मुले, म्हणजे हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अभ्यासलेली मुले, नेमकी अशीच होती. चार महिन्यांच्या बाळांना नवी दृश्ये, आवाज आणि वास दिले असता सुमारे 20 टक्के बाळे हातपाय झाडून रडली, आणि पुढे बुजरी होण्याचा संभव त्यांच्यातच अधिक दिसला. मेंदूतील अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग अशा मुलांत लवकर चेतवला जात असावा, असे केगन यांचे म्हणणे होते. अशा मुलांच्या नातेवाइकांत परागज्वरासारखे ॲलर्जीचे विकार अधिक असल्याचे त्यांनी व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये नोंदवले. मज्जासंस्था आणि प्रतिकारयंत्रणा यांचा शरीरात प्रत्यक्ष संबंध आहे, कारण अनुकंपी चेतातंतू (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसा) प्लीहेपर्यंत आणि लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचतात व तेथील प्रतिकारपेशी या तंतूंतून स्रवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देतात.

त्याच लेखात पुढे 2003 चा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांचा प्रयोग येतो: 334 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले असता जे अधिक मनमिळाऊ होते त्यांना सर्दी होण्याची शक्यता कमी आढळली. येथे 'सामाजिक स्वभाव' हा शब्दप्रयोग टाळावा, कारण त्यातून समाजाचा स्वभाव असा अर्थ निघतो. 'मनमिळाऊपणा' पुरेसा आहे. दोन्ही ठिकाणी 'मुळे' हे शब्दयोगी अव्ययही वर्ज्य करावे, कारण या निरीक्षणांतून केवळ संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

तेव्हा मूळ वाक्यात एकच दुरुस्ती पुरे: 'बुजऱ्या प्रकृतीच्या मुलांच्या नातेवाइकांत परागज्वर अधिक आढळला.'