थांबलेलं जिम्नॅस्टिक्स पुन्हा सुरू करताना

निवृत्त होऊन परत स्पर्धेत उतरणाऱ्या जिम्नॅस्टविषयी मागच्या वेळी लिहिलं, तेव्हापासून मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेते. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतेय, कारण तोच प्रश्न आणखी चार-पाच जणींनीही विचारलाय.

मी 29 वर्षांची. लग्नाआधी राज्य स्पर्धेत व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) आणि फ्लोअरवर (जमिनीवरच्या मॅटवरचे व्यायाम) पदकं मिळाली होती. सहा वर्षांपूर्वी सगळं सुटलं. मुलगा तीन वर्षांचा आहे. पुन्हा सिनियर गटात उतरायचंय, पण घरी म्हणतात, "आता ते वय राहिलं का?" – एक वाचक, परभणी

ताई, वय अजून राहिलंय. ओक्साना चुसोवितिना ही जिम्नॅस्ट 1975 साली उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्यात जन्मली. 1992 मध्ये बार्सिलोनात तिला सांघिक सुवर्ण मिळालं, तेव्हा ती 17 वर्षांची होती. 1999 मध्ये मुलगा झाला आणि 2000 मध्ये ती सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये होती. 2002 मध्ये त्याच मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. उपचारांसाठी ती जर्मनीत कोलोनला गेली. पुढे जर्मनीकडून खेळताना 2008 मध्ये बीजिंगला व्हॉल्टवर रौप्य मिळवलं, तेव्हा वय 33. लंडननंतर थांबते म्हणाली आणि परत आली. टोकियो हे तिचं आठवं ऑलिंपिक, वय 46. तिथेही निरोप घेतला, आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 48 व्या वर्षी व्हॉल्टवर चौथी आली. 2024 मध्ये मात्र दुखापत आडवी आली आणि पॅरिसची वाट बंद झाली.

यातलं तुमच्या कामाचं काय, तर उत्तरार्धात तिने चारही उपकरणं ओढत नेली नाहीत. सगळा जोर व्हॉल्टवर लावला. बीमवर, म्हणजे अरुंद पट्टीवर, शेकडो वेळा तेच तेच करावं लागतं. व्हॉल्टची एक उडी काही सेकंदांत संपते आणि मोजून मारता येते. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष फ्लोअर सोडा. नव्वद सेकंदांत तीन-चार टम्बलिंगच्या (सलग कोलांट्यांच्या) फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी लँडिंगवर संपणारी. सहा वर्षं थांबलेल्या गुडघ्यांना हा मार झेपत नाही.

यात एक घोळ हमखास होतो. स्नायूंना जुनी ओळख असते, त्यामुळे ताकद दोन-तीन महिन्यांत परत आल्यासारखी वाटते. पण टाचेमागची शीर आणि गुडघ्याखालची शीर (स्नायू हाडाला जोडणारा बंध, टेंडन) फार सावकाश तयार होते. अंगात जोर आलेला असतो, शिरा मागे असतात, आणि दुखापत नेमकी त्या काळात होते. माझ्याकडे एक मुलगी अशीच परत आली होती. दहाव्या आठवड्यात तिची हँडस्प्रिंग (हात टेकवून घेतलेली उडी) इतकी सुरेख पडली की मीच हुरळून गेले आणि फोमच्या खड्ड्याऐवजी साध्या मॅटवर उतरू दिलं. दोन दिवसांनी जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबली होती. ती चूक माझी होती.

म्हणून घरी दोन चाचण्या करा. एका पायावर उभं राहून टाच उचला, सलग 25 वेळा, दोन्ही पायांवर. मग घराच्या पायरीवरून एका पायावर हलकेच खाली उतरा आणि मुलाच्या बाबांना समोरून मोबाइलवर शूटिंग करायला सांगा. गुडघा आतल्या बाजूला कलत असेल तर उडी अजून लांब आहे. आधी मांडीची आणि नितंबांची ताकद.

आणखी एक, जे बायका प्रशिक्षकाला सांगतच नाहीत. बाळंतपणानंतर उडी मारताना लघवीचे थेंब जात असतील, तर लाजून पॅड लावून सराव करू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात, व्यायामाने ते बहुतेकींचे सुधारतात. हे काम येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला आधी दाखवा, स्प्रिंगबोर्ड नंतर.

राहिला सरावाचा प्रश्न. ताकदीचं काम परभणीत, घरीसुद्धा होईल. व्हॉल्टचं टेबल आणि फोमच्या खड्ड्यासाठी शनिवारी रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला या, आठवड्यातून एकदाच. मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी पाऊलही टाकू नका, पहाटेचं गाठा. आणि घरच्यांपुढे वयावरून वाद घालत बसू नका. शनिवारी मुलाला कोण सांभाळणार, एवढं एक ठरवून घ्या. मी पाहिलंय, परत आलेल्या बायकांचा सराव गुडघ्यापेक्षा याच कारणाने जास्त वेळा सुटतो.

मुलगी नऊ वर्षांची आहे. ओळखीचे म्हणतात, मुलींचं जिम्नॅस्टिक्स अठराला संपतं, मग अभ्यासाचं नुकसान कशाला? – एक वडील, लातूर

हे जुनं झालं, दादा. रोमानियाच्या नादिया कोमानेचीने 1976 मध्ये ऑलिंपिक गाजवलं तेव्हा ती 14 वर्षांची होती, तिथून तो समज पसरला. 1997 पासून सिनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्या वर्षात 16 पूर्ण व्हावी लागतात. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने 2024 मध्ये पॅरिसला ऑल-अराउंड (सगळ्या उपकरणांचं मिळून) सुवर्ण जिंकलं तेव्हा ती 27 वर्षांची होती. 1956 मध्ये मेलबर्नला हंगेरीच्या आग्नेस केलेतीने चार सुवर्णपदकं मिळवली, ती 35 व्या वर्षी. तेव्हा घाई नको. लातुरात शिकवण्यांचा ताण मला माहीत आहे. दहावीच्या वर्षी सराव कमी करा, बंद करू नका.

वय 34. पूर्वी रिंग्ज (वरून टांगलेल्या दोन कड्या) करायचो. खांदा वर नेला की दुखतो. पुन्हा सुरू करू का? – एक वाचक, नांदेड

आधी खांदा दाखवा. रिंग्जवर वयाने माणूस बाद होत नाही: बल्गेरियाचा योर्दान योव्चेव 2012 मध्ये 39 व्या वर्षी लंडनला रिंग्जच्या अंतिम फेरीत होता, आणि ते त्याचं सहावं ऑलिंपिक होतं. पण दुखऱ्या खांद्यावर क्रॉस (दोन्ही हात बाजूला ताणून अंग तोलणं) धरायला जाऊ नका. दुखणं पूर्ण जाईपर्यंत लटकणंसुद्धा पाय जमिनीला टेकवूनच.

परत फिट होण्यासाठी जिममधल्या एकाने चरबी जाळणारी पावडर दिलीय. चालेल? – एक वाचक, बीड

नाही. दीपा कर्माकरचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 2016 मध्ये रिओला व्हॉल्टवर ती 0.150 गुणांनी कांस्यपदकाला मुकली. पुढे तिच्या नमुन्यात हिजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि 21 महिन्यांची बंदी आली, ती जुलै 2023 मध्ये संपली. हे द्रव्य काही वनस्पतींत असतं आणि वजन घटवण्याच्या पावडरींतही मिसळलेलं आढळतं. कधी ते डब्यावर लिहिलेलंही नसतं. स्पर्धेत उतरायचं असेल तर शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. भाकरी, डाळ, दही, अंडी, मूठभर शेंगदाणे खा. दीपा बंदीनंतर परत आली आणि मे 2024 मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकून तिने ऑक्टोबरमध्ये निवृत्ती घेतली. ते पदक मिळालं तेव्हा ती 30 वर्षांची होती. बंदीतले 21 महिने मात्र कुणी तिला परत दिले नाहीत.

चार वर्षांनी सराव सुरू केला. ट्विस्ट (हवेत अंगाभोवतीची गिरकी) घेताना हवेत कुठे आहे तेच कळत नाही. डोकं गरगरतं, भीती वाटते. प्रशिक्षक म्हणतात, मन घट्ट कर. – एक वाचक, जालना

मन घट्ट करून हे जात नाही, आणि तसं करायला गेलात तर मान मोडेल. टोकियोत सिमोन बाइल्सला नेमकं हेच झालं. हवेत दिशाच हरवली. तिने माघार घेतली, तेव्हा लोक काय काय बोलले. दोन वर्षं थांबून ती 2023 मध्ये परतली, आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

तुम्ही ट्विस्ट आजपासून बंद करा. दोन आठवडे फक्त सरळ उडी आणि टक समरसॉल्ट (गुडघे छातीशी घेऊन कोलांटी), तेही फोमच्या खड्ड्यात. मग अर्धा ट्विस्ट ट्रॅम्पोलिनवर, पूर्वी ज्या बाजूला फिरत होता त्याच बाजूला. उतरताना नजर कुठे लागते ते मोठ्याने सांगा: "भिंत", "छत", "मॅट". सलग दहा वेळा बरोबर सांगता आलं की मगच पूर्ण ट्विस्ट. अकराव्या वेळी चुकलं तर एक पायरी खाली. प्रशिक्षकांना हा परिच्छेद वाचायला द्या. तरीही घाई करत असतील, तर त्या दिवशी मॅटवरून उतरून बाहेर या आणि मला लिहा.